तेल किती तापलं?

आमच्या घरात छापील कागदाला मान होता, आणि वर्तमानपत्रापेक्षा पत्रकाला जास्त. बाबा रेल्वेत होते, युनियनमध्येही होते, त्यामुळे घडी घातलेला, शाई जरा फुटलेला कागद आमच्याकडे भाजीच्या पिशवीइतका रोजचा होता. जोडाक्षरं मी 'बंधू-भगिनींनो' या शब्दावर बोट फिरवत शिकले. अकराव्या वर्षी माझं पहिलं स्वतंत्र पत्रक निघालं. विषय होता, आईने वरच्या फळीवर नेऊन ठेवलेली लोणच्याची बरणी. त्यात तीन मागण्या होत्या आणि शेवटी तीव्र लढ्याचा इशारा. आईने ते उभ्या उभ्या वाचलं, मसाल्याच्या डब्याखाली अंथरलं आणि बरणी आणखी एक फळी वर नेली.

लढा तिथेच संपला, पण छापील शब्दावरचा माझा विश्वास काही हलला नाही. पुढे तो हलला तो एका व्हॅनमुळे.

व्हॅन जर्मन होती. राउरकेल्याला पोलादाच्या कामासाठी आलेल्या कुणा साहेबाने ती मागे ठेवली, मग ती एका मिशनच्या दवाखान्यात गेली, मग एका लाकूड ठेकेदाराकडे, आणि बाबा निवृत्त झाल्यावर त्यांच्याकडे. आत दोन फळ्या ठोकून आम्ही त्यावर पुस्तिका मांडल्या होत्या. साप चावल्यावर काय करावं, दुकानदाराचा तराजू कसा तपासावा, अंगात येणं म्हणजे काय, असले विषय. रविवारी बाबा आणि मी ती घेऊन आसपासच्या आठवडी बाजारांना जायचो. लोक पुस्तिका कमी आणि गाडी जास्त बघायचे, कारण तिचं इंजिन मागे होतं आणि तिच्यात पाणी घालावं लागत नसे. रेडिएटरच नव्हता. ती वाऱ्यावर थंड व्हायची, आणि उरलेलं सगळं वंगणाच्या तेलावर अवलंबून. चालकासमोरच्या फळीवर वेग दाखवणारा एक काटा होता आणि तेलासाठी एक लाल दिवा. तो दिवा कधी उडाला होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना त्याची गरजही नव्हती. ते कानाने गाडी चालवायचे.

हे मी शोभेसाठी म्हणत नाही. रेल्वेत त्यांचं कामच कानाचं होतं. गाडी फलाटावर लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन ते डब्याखालच्या एकेका चाकावर ठोका मारत जायचे आणि आवाज ऐकायचे. धड चाक टण्ण म्हणतं. तडा गेलेलं चाक दबकं बोलतं. पंचवीस-तीस वर्षं हजारो माणसं त्यांच्या कानावर विसंबून पुढे बिलासपूरला किंवा नागपूरला गेली, आणि त्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. याचा बाबांना अभिमान होता.

नवं राज्य झालं त्या सुमारास तो कान गेला. रायपूर राजधानी झालं, जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरू लागलं, टेलरपासून भजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी पाटीवर 'राजधानी' रंगवून घेतलं, आमच्या शंकर नगरात मंत्र्यांचे बंगले आले, आणि बाबा म्हणू लागले की राज्य वेगळं झाल्यापासून लोक फार पुटपुटून राहिले.

त्या चैत्रात धमतरीकडून येताना आई पुढच्या सीटवर होती. अभनपूरच्या अलीकडे मागून आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवावा तसा. मी मागे पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर बसून ऐकत होते, आई ऐकत होती, रस्त्याच्या कडेचा गुराखीसुद्धा वळून बघत होता. आई ओरडली. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "हो हो, येताना घेऊ." आणखी अर्ध्या कोसावर इंजिन बसलं. ट्रॅक्टरला दोर बांधून आम्ही राजधानीत प्रवेश केला.

इंजिन दुरुस्त व्हायला महिना लागला. पण भांडण त्याच संध्याकाळी झालं.

"मी बोंबलून राहिली होती, आन् तुम्ही म्हणता येताना घेऊ!"

"तू वांग्याचं म्हणत होती. रस्त्याच्या कडेले वांगे होते."

"मी इंजिनचं म्हणत होती! तुम्हाले ऐकू येत नाही."

"मले ऐकू येते."

"मंग आता मी हळू काय म्हटलं, सांगा."

बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. "तू रागात आहे," ते म्हणाले. ते खरं होतं, पण पुरावा म्हणून कमी पडलं.

दुसऱ्या दिवशी आईने नागपूरला मामांना फोन केला. मामांच्या एका मित्राचं महामार्गावर हॉटेल होतं. त्याला दारापुढे असली एक जुनी गाडी हवी होती, चाकं काढून, सिमेंटमध्ये पक्की बसवून, म्हणजे मुलं तिच्यावर चढून फोटो काढतील. इंजिन दुरुस्त झाल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मामा येणार आणि ट्रकवर चढवून गाडी नेणार, असं ठरलं.

रोज सकाळी बाबा बंद गाडीत जाऊन बसायचे, स्टिअरिंग पुसायचे, आरसा पुसायचे आणि चहा तिथेच मागवायचे. मला हा उघड अन्याय वाटला. मी आईशी वाटाघाट करायला गेले. या खेपेला पत्रक काढलं नाही, बरणीचा अनुभव होता.

"इंजिन तापलं की डोळ्याले दिसेल असं काही बसवलं तर?" मी विचारलं.

आई तांदूळ निवडत होती. "त्यांच्या डोळ्याले?"

"त्यांच्या. तुझ्याही."

तिने बराच वेळ खडे वेचले. "मले दिसलं पाहिजे, आन् त्यांनी ते पाहून गाडी थांबवली पाहिजे. मंग मी तुह्या मामाले नाही म्हणीन. नाहीतर रविवारी गाडी जाते."

एवढं स्पष्ट मागणीपत्र मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

इंजिन दुरुस्त होऊन आलं तसा मोटारपार्टच्या दुकानातून मी तीन मीटरांचा एक डबा आणला. काळ्या तबकड्या, पांढरे आकडे, नारिंगी काटे. एक तेलाचा दाब दाखवणारा, एक तेलाचं तापमान, एक बॅटरी भरतेय की रिकामी होतेय ते. बरोबर पितळेचे अंगठ्याएवढे सेन्सर होते, जे इंजिनात बसवायचे आणि त्यांच्यापासून तार पुढे काट्यापर्यंत आणायची. आणि डब्यात घडी घातलेला एक छापील कागद होता. तो बघून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पंडरीच्या बसस्टँडमागे एका कडुनिंबाखाली एका मिस्त्रीचा पत्र्याचा ठेला होता. पोटाला ऑईलचा डाग आणि तोंडात कायम एक खिळा असलेला, शांत, छत्तीसगढी माणूस. त्याने बाबांना बाबूजी म्हणून बसवलं, मला दीदी म्हणून बाजूला केलं, आणि दुपारपर्यंत तिन्ही मीटर बसवले. किल्ली फिरवताच तिन्ही काटे उठले आणि बरोबर मध्ये येऊन उभे राहिले. बाबांचा चेहरा असा खुलला की मला मिस्त्रीच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन थंडगार असताना, मी सहज किल्ली फिरवली. तेलाच्या तापमानाचा काटा उठून मध्ये आला. तेल थंड आणि काटा मध्ये. आम्ही गाडी घेऊन गावाला एक चक्कर मारली, इंजिनावर हात ठेववेना, काटा मध्येच. मी तशीच पंडरीला गेले.

"भैया, ये काँटा हिलता क्यों नहीं?"

मिस्त्रीने खिळा काढून खिशात ठेवला. "काबर हिलही, दीदी? मैंने बांध दिया है." तारेत घालायचा, करंट अडवणारा एक छोटासा काळा तुकडा दाखवून म्हणाला, "ये लगा दो तो काँटा बीच में. सबका ऐसे ही करता हूँ. मालिक पीछे बैठता है, काँटा देखता है, चिल्लाता है. बीच में रहे तो सबको शांति."

"पर ये तो झूठ है!"

"हव," तो शांतपणे म्हणाला. "फेर शांति हे." खोटं आहे, पण शांतता आहे, असं.

मी घरी आले आणि लिहायला बसले. पंडरी हिंदी वाचते म्हणून हिंदीत लिहिलं. मथळा, 'काँटा बीच में क्यों?' जो काटा हलत नाही तो विकत घेतलेला साक्षीदार आहे, वगैरे. दोन तास हात थांबला नाही. व्यक्तीवर हल्ला करायचा नाही, प्रवृत्तीवर करायचा, हे तत्त्व असल्यामुळे मिस्त्रीचं नाव टाळलं. पण जनतेने सावध राहावं म्हणून बसस्टँडमागचा कडुनिंब, पत्र्याचा ठेला आणि त्याची दुकानाची वेळ एवढं दिलं. शंभर झेरॉक्स काढल्या आणि बसस्टँडवर उभं राहून स्वतः वाटल्या.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री आमच्या दारात आला. मी चर्चेला तयार होते. मुद्दे वहीत होते. त्याच्या हातात जिलबीचा पुडा होता.

"दीदी, आपका परचा बड़ बने हे," तो म्हणाला. "कल से सात जीप और दो टेम्पो आ गया. सब बोलते हैं, वो बीच वाला काँटा हमको भी लगाओ. एक तो दुर्ग से आया."

आई आतून आली, पुडा घेतला आणि मला विचारलं, "तू त्याच्या इरोधात लिवलं होतं ना?"

मी पुड्यात हात घातला. जिलबी मात्र चांगली होती.

रविवार चार दिवसांवर आला होता. मिस्त्रीने केलेलं सगळं मी उपटून टाकलं आणि डब्यातला कागद समोर ठेवून स्वतः बसले. इंग्रजी बारीक छपाई, आकृत्या, बाणांच्या खुणा. कुणीतरी, कुठेतरी, माझ्यासारख्या माणसासाठी बसून हे लिहिलं होतं, आणि मी त्याचा शब्दन् शब्द पाळणार होते. दाबाचा काटा पहिल्याच झटक्यात चालू झाला. बॅटरीचा उलटा चालू झाला, इंजिन सुरू केलं की बॅटरी रिकामी होतेय म्हणायचा. दोन तारांची अदलाबदल केली आणि तो सुधारला. तेवढ्याने माझी मान ताठ झाली.

तापमानाच्या सेन्सरपाशी कागदात लिहिलं होतं की जोड गळता कामा नये, आट्यांवर टेप गुंडाळावी. रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. तिथल्या प्रत्येक नळाला पांढरी टेप असते आणि तरी तो गळतो. मी सात वेढे दिले आणि पाना पिळून सेन्सर बसवला. थेंबसुद्धा गळला नाही. काटाही हलला नाही. इंजिन तापलं, मी तापले, काटा खाली निजलेला. तारा बदलल्या, जोड पुन्हा केले, कागद पुन्हा वाचला. सगळं लिहिल्याप्रमाणे होतं.

संध्याकाळी बाबा बाहेर आले. काही न विचारता चालकाच्या जागेवर बसले आणि त्या मेलेल्या काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "राहू दे. सिमेंटमधी गाडी बरी दिसन." त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मी आत गेले, चप्पल घातली आणि पंडरीला जाऊन मिस्त्रीला घेऊन आले. तत्त्वांबद्दल आम्ही रस्त्यात बोललो नाही.

त्याने खाली वाकून सेन्सर बघितला आणि बराच वेळ तसाच राहिला. मला वाटलं काही मोठं बिघडलंय.

"ये सफेद-सफेद का लपेटे हो, दीदी?"

"टेप. लिखा है इसमें."

"करंट बॉडी से लौटता है. आपने पितल को कंबल ओढ़ा दिया. कहाँ से जाएगा?" मग तो कागदाकडे बोट दाखवून म्हणाला, "मोला इंग्रेजी नइ आवय, फेर पाछू घलो कुछ छपे हे."

मी कागद उलटला. मागच्या बाजूला चौकटीत, ठळक अक्षरात लिहिलं होतं की तापमानाच्या सेन्सरच्या आट्यांना टेप लावू नये, धातूला धातू लागला पाहिजे. टेप फक्त दाबाच्या जोडासाठी होती.

त्या क्षणी मला समजलं की मी आयुष्यात कधी पत्रक उलटून बघितलं नव्हतं. आमच्या घरची सगळी पत्रकं एकाच बाजूला छापलेली असायची. पलीकडची बाजू कोरी, हिशेबाला, वाणसामानाच्या यादीला, माझ्या चित्रांना. ज्या कागदाला दोन बाजू असतात त्याचा आम्हाला सरावच नव्हता. मी मिस्त्रीला हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, "हव, हव," आणि टेप सोलून काढली.

काटा जिवंत झाला. पण आता तो वेड्यासारखा वागू लागला. थंड इंजिनावर साठ दाखवायचा. पाच मिनिटांत तबकडीच्या टोकाला जाऊन आपटायचा, आणि हात लावून बघावं तर इंजिन जेमतेम कोमट. मिस्त्री म्हणाला, सेन्सर एका खानदानाचा, मीटर दुसऱ्या खानदानाचं, दुकानदाराने जबरदस्ती लग्न लावलंय. दुकानदार म्हणाला, जोडीचा सेन्सर दिल्लीहून येतो, महिना लागेल. मिस्त्रीने एक काळा तुकडा घालून काट्याची धाव आवरली. आता तो टोकाला आपटत नव्हता, सावकाश चढायचा, सावकाश उतरायचा, पण आकड्यांशी त्याचा काही संबंध उरला नाही. पंच्याहत्तर म्हणजे किती, कुणालाच सांगता येईना.

"हा पन खोटाच," बाबा म्हणाले.

"खोटं नाही, बाबा. हलून राहिला ना." पण मला पटत नव्हतं. आकडा चूक असेल तर थांबायचं कुठे?

हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीखाली चाललं होतं आणि आई आतून ऐकत होती. शनिवार होता. तिने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आकडे काहून पाहिजे तुम्हाले?"

"तेल किती तापलं ते समजाले," बाबांच्या वतीने मी म्हटलं.

"तेल किती तापलं ते समजाले आकडा लागते? मी जलमभर तळून राहिली, कधी आकडा पाह्यला नाही." तिने आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "ते पितळेचं इकडे द्या."

मिस्त्रीने सेन्सर काढला, राखेने घासला, दोन लांब तारा जोडल्या, एक काट्याला जाणारी आणि एक गाडीच्या पत्र्याला. तारा खिडकीतून आत आल्या. आईने चहाचं जुनं पातेलं गॅसवर ठेवलं आणि पाण्याला खळखळून उकळी आल्यावर सेन्सर त्यात सोडला. बाबा गाडीत, मी खिडकीत.

"काटा कुठं थांबला?" आईने विचारलं. मी बाबांना हाताने खूण केली. त्यांनी काचेवर बोट टेकवलं आणि तिथे खडूने रेघ ओढली.

"इतके गरम में चलेगा," मिस्त्री म्हणाला. "ये ठीक है. इससे थोड़ा ऊपर भी चलेगा. बहुत ऊपर गया तो तेल पानी जैसा पतला."

"किती वर?"

मिस्त्रीला ते शब्दांत सांगता येईना. त्याने हात हवेत वर-खाली केला. आईने मग एक जुनी कढई काढली, जी त्या दिवसानंतर पुन्हा कधी स्वयंपाकघरात आली नाही, तिच्यात तेल तापवायला ठेवलं आणि सेन्सर त्या तेलात सोडला. खव्याची एक गोळी वळली. "पुरीचं तेल फार गरम. गुलाबजामाचं तेल मंद. गोळी टाकली का खाली बसली पाहिजे, आन् मंग हळूहळू वर आली पाहिजे. लगेच आली तर जास्त झालं."

मिस्त्री कढईवर वाकला. गोळी टाकली, ती तळाशी बसली, जरा विचार केला आणि डुलत वर आली. त्याने तेलावर तळहात धरला, खिडकीतून मागच्या इंजिनाकडे बघितलं, आणि म्हणाला, "बस अम्मा. इतका में गाड़ी रोक देना."

आईने कपाळावरची लाल टिकली काढली आणि माझ्या हातात दिली. बाबांचं बोट काटा जिथे थांबला तिथे होतं, त्या जागी मी टिकली चिकटवली. उकळत्या पाण्याच्या खुणेवर गोल बाजारातून आणलेल्या पाकिटातली हिरवी. मिस्त्रीने उत्सुकतेने पुरीचंही तेल करून बघायला लावलं. काटा तबकडी सोडून बाहेर जाऊ बघत होता. "पुरीवर गाडी उरत नाही," आई म्हणाली आणि गॅस बंद केला. ती गोळी मिस्त्रीने खाल्ली. "थोड़ा मोबिल ऑइल का सवाद हे, अम्मा. फेर बने हे."

रविवारी सकाळी मामा आले. त्यांच्याजवळ एक मोजपट्टी होती. त्यांनी गाडीची लांबी-रुंदी घेतली, चाकांना लाथा मारल्या आणि खूश झाले. ट्रकवाल्याला त्यांनी संध्याकाळी बोलावून ठेवलं होतं. आईने त्यांना पोहे दिले आणि म्हणाली, आधी आपण आरंगपर्यंत जाऊन येऊ.

मामांना हे कळेना. "ताई, जे सिमेंटमधी बसवाचं ते चालवून काय पाहाचं?"

"तू बस मागं."

जाताना काटा हिरव्याच्या आसपास राहिला. आई पुढे बसली होती आणि रस्त्याकडे एकदाही बघत नव्हती. तिचे डोळे तबकडीवर, आणि मधूनमधून बाबांवर. बाबाही आधी मान तिरकी करून मागचा आवाज ऐकल्यासारखं करत होते, जुन्या सवयीने. आरंगपासून परतताना ती मान सरळ झाली. हे मी मागून बघितलं. आईने बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही.

शहरात शिरताना तेलीबांध्यापाशी येईपर्यंत भर दुपार झाली आणि रस्ता बंद होता. कुणी मोठे येणार होते. ट्रक, रिक्षा, एक वरात आणि आम्ही, सगळे उन्हात उभे. इंजिन बंद केलं तर बॅटरी पुन्हा उठवेल याची खात्री नव्हती, म्हणून बाबांनी ते चालू ठेवलं. काटा हिरव्यावरून उठला. पंधरा मिनिटांत तो लालच्या अर्ध्यावर होता. मागे डब्यातले खडे पुन्हा हलू लागले, अगदी हळू. मी ऐकले. मामांनीही ऐकले. "भाऊजी," ते म्हणाले, "मागं काहीतरी वाजून राहिलं." बाबांना ते ऐकू गेलं नाही.

मी बोलणार होते. आईने मागे वळून माझ्याकडे असं बघितलं की मी तोंड मिटलं.

तेवढ्यात शिपाई शिट्टी वाजवत धावत आला. ताफा यायच्या आधी चौक रिकामा करायचा म्हणून त्याने आमची रांग सोडली. "चलो, चलो, जल्दी निकालो!" पुढचा ट्रक हलला. मामा बाबांच्या पाठीवर थापा मारू लागले, "चला भाऊजी, चला, रस्ता मोकळा झाला!" बाबांनी गियर टाकला, गाडी चौकाच्या मधोमध आली, आणि काटा लाल टिकलीला लागला.

बाबांनी किल्ली फिरवली. इंजिन बंद. गाडी चौकाच्या बरोबर मध्ये.

शिपाई काठी घेऊन आला. त्याच्या मागून आणखी तिघे. "पागल हो क्या? सीएम का रास्ता है! गाड़ी क्यों बंद की?"

बाबा खाली उतरले. शिपाई बोलत होता, त्याचे ओठ हलत होते, आणि बाबा त्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी हात वर केला, रेल्वेत गार्डला थांबवायचे तसा.

"साहब, ज़ोर से बोलिए. मुझे सुनाई नहीं देता."

शिपायाने काठी खाली केली.

"इंजिन की आवाज़ भी नहीं आती मुझे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, न ऐकू येणाऱ्या माणसाचा असतो तसा. सगळ्या चौकाला ऐकू गेला असेल. "इसलिए ये देखकर बंद किया."

शिपायाने खिडकीतून आत डोकं घातलं. "ये? ये तो टिकली है."

"लाल वाली," आई आतून म्हणाली. "गुलाबजाम."

त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा रस्त्याच्या टोकाकडे, आणि ओरडला, "धक्का मारो रे!" चार शिपाई, वरातीतले दोन ढोलवाले, मी आणि मामा, सगळ्यांनी ढकलून गाडी कडेच्या झाडाखाली नेली. अर्ध्या मिनिटात सायरन वाजवत ताफा गेला. पंधरा-वीस गाड्या असतील. बाबा झाडाला टेकून उभे होते.

"गेले का?" त्यांनी आईला विचारलं.

आईने मान डोलावली. मग पदराने त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला, जे तिने आमच्यासमोर कधी केलं नव्हतं.

आम्ही अर्धा तास तिथे बसलो. मामांनी उसाचा रस आणला. काटा एकेक रेघ खाली येत हिरव्यावर आला. मामांनी घड्याळ बघितलं.

"ताई, ट्रकवाल्याले किती वाजता ये म्हणू?"

"येऊच नको म्हण."

"मी तिकडे माणसाले शब्द देऊन बसलो ना!"

"त्याले म्हण, गाडी चालू आहे. चालू गाडी कोणी सिमेंटमधी बसवते का?"

मामा काही वेळ रसाच्या ग्लासाशी बोलत बसले.

"काय म्हणून राहिले ते?" बाबांनी मला विचारलं. मी सांगणार तोच आई उठली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तिने काचेवर बोट ठेवलं, हिरव्यावर, आणि मग समोरच्या रस्त्याकडे बोट केलं.

बॅटरीने अपेक्षेप्रमाणे दगा दिला. मी आणि मामांनी मागून ढकलायला सुरुवात केली. दहा पावलांवर इंजिन धडधडलं, मी उडी मारून आत चढले, पण मामा अजून खालीच होते आणि गाडी वेग घेत होती. "भाऊजी! अहो भाऊजी, थांबा!" ते धावत ओरडत होते. आईने हात वर केला. बाबा तात्काळ थांबले आणि मामा धापा टाकत पुस्तिकांच्या गठ्ठ्यावर येऊन बसले.